सुरक्षा गुणांक २.४ की ०.९४? जाड आणि लगतच्या कोळसा थरांच्या डिझाइनबद्दल एक तक्रार

पीएचडीच्या पहिल्या सहामाहीत मी एक स्लाइड केली होती आणि तिच्यावर फार खूश होतो. खोली १५० मीटर, गॅलरी ४.२ मीटर रुंद, पिलरचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर २२.५ मीटर, सुरक्षा गुणांक २.४. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं "स्थिर". गाइडनी एकच प्रश्न विचारला, "वरचा थर कुठे आहे?" मी म्हणालो, वरचा थर माझ्या अभ्यासात नाही. ते म्हणाले, "तुझ्या अभ्यासात नसेल, पण खाणीत आहे ना?"

त्या दिवशी खूप ओशाळलो. पण नंतर जसजसे पेपर आणि प्रबंध वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती. आपल्याकडे भूमिगत कोळसा खाणीचं डिझाइन बहुतेक वेळा "एक थर, एक पिलर, एक आकडा" अशा पद्धतीने शिकवलं जातं. जाड थर हा पुस्तकात एक धडा असतो, लगतचे थर हा दुसरा धडा. दोन्ही धड्यांत तेच सूत्र वापरायचं, फक्त आकडे बदलायचे. या पोस्टमध्ये माझी तक्रार या सवयीबद्दल आहे. सूत्रं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. ती कुठपर्यंत खरी आहेत हे न विचारता आपण ती वापरतो, आणि ज्या प्रकारच्या थरांत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे तिथेच तो विचारला जात नाही, असं माझं म्हणणं आहे.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, विषय खाणकामाचा नसला तरी, हे वाचा. शेवटी मुद्दा सूत्र कसं वाचायचं हाच आहे.

आधी थोडं प्राथमिक

भूमिगत खाणीत कोळसा काढायची आपल्याकडची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे बोर्ड अँड पिलर. थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढत जायचं. मधे जे कोळशाचे चौकोन उरतात ते पिलर. ते वरच्या सगळ्या खडकाचं वजन पेलतात. या टप्प्याला डेव्हलपमेंट म्हणतात. नंतर परत येताना तेच पिलर काढून घ्यायचे, म्हणजे डिपिलरिंग. मागे राहिलेली पोकळी एकतर कोसळू द्यायची, तिला गोफ म्हणतात, किंवा पाण्याबरोबर वाळू आत सोडून ती भरायची, म्हणजे स्टोइंग.

आता दोन थर एकावर एक जवळजवळ असले की काय होतं? मी राहतो त्या मांजर्लीत सध्या दर दोन गल्ल्यांआड एखादी जुनी इमारत पाडून नवीन टॉवर उभा राहतोय. स्लॅब पडायच्या आधी नुसते कॉलम दिसतात तेव्हा जरा थांबून बघा. तळमजल्यावरच्या पार्किंगचा कॉलम आणि वरच्या मजल्याचा कॉलम एका रेषेत असतात. पार्किंगसाठी जागा हवी म्हणून कुठे कॉलम सरकवला असेल तर तिथे आडवा, भलामोठा बीम दिलेला असतो, कारण वरून आलेलं वजन कुठल्या तरी वाटेने खाली जायलाच हवं.

लगतचे दोन थर म्हणजे असेच दोन मजले. मधल्या खडकाच्या पट्ट्याला पार्टिंग म्हणतात, तोच स्लॅब. फरक इतकाच की इमारतीचा स्लॅब इंजिनिअरने ठरवलेला असतो, सळईसकट. पार्टिंग मात्र निसर्गाने दिलंय तसं घ्यायचं. कुठे वालुकाश्म, कुठे शेल, कुठे पाणी लागलं की लोण्यासारखा होणारा मातकट थर. शिवाय वरचा मजला अनेकदा पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बांधून ठेवलेला असतो, आणि त्याचा नकाशा कितपत बरोबर आहे हे आपल्याला माहीत नसतं.

दोन धडे की एकच थर?

महाराष्ट्रात हा प्रश्न बघायला फार लांब जायला नको. वर्धा खोऱ्याच्या कोळसा क्षेत्रात, म्हणजे चंद्रपूर आणि यवतमाळच्या पट्ट्यात, अनेक थर नसून मुख्यतः एकच जाड थर आहे. बऱ्याच ठिकाणी तो १५ मीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड आहे. पाच मजली इमारतीइतका. पण तो सगळीकडे अखंड नाही. काही भागांत तो फुटतो, मधे खडकाचा पट्टा शिरतो, आणि एकाचे दोन होतात. नागपूरजवळच्या कामठी क्षेत्रात तर मुळातच अनेक थर एकाखाली एक आहेत.

म्हणजे बघा, वर्धा खोऱ्यात एका ठिकाणी उभे राहिलात तर तुम्ही "जाड थर" या धड्यात आहात. थोडं पुढे सरकलात, थर फुटला, की तुम्ही "लगतचे थर" या धड्यात गेलात. आणि ही सीमा रेघेसारखी नसते. मधला पट्टा आधी वीतभर असतो, मग हातभर, मग तीन मीटर, मग दहा. जमिनीत जे हळूहळू बदलतं ते पुस्तकात दोन स्वतंत्र प्रकरणांत विभागलंय. माझ्या मते पहिली चूक इथे होते. प्रश्न "थर जाड आहे की जवळजवळ आहेत" हा नाहीच. "मधला पट्टा स्लॅबसारखा वागेल की पिलरचाच भाग असल्यासारखा?" हा खरा प्रश्न आहे.

तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

भारतात पिलरचा आकार ठरवण्याची सुरुवात एका तक्त्यापासून होते. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत तो दिलेला होता. २०१७ मध्ये नवे विनियम आले, पण त्या तक्त्याने विचार करायची सवय काही गेलेली नाही. तक्त्यात दोनच गोष्टी बघायच्या: खोली आणि गॅलरीची रुंदी. उदाहरणार्थ, खोली ९० ते १५० मीटर आणि गॅलरी ४.२ मीटरपर्यंत असेल, तर पिलरचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर किमान २२.५ मीटर. झालं.

यात कोळसा किती मजबूत आहे हे नाही. पिलर किती उंच आहे हेही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा तक्ता अडाणीपणाचा वाटला होता. पण तो वाटतो तितका अडाणी नाही. त्याच विनियमांत गॅलरीची उंची साधारणपणे ३ मीटरपेक्षा जास्त नको असंही म्हटलंय. म्हणजे उंची तक्त्यात नाही कारण ती आधीच बांधून घातलीय. शिवाय ओव्हरमन आणि सर्व्हेअर टेप घेऊन तपासू शकतील असा तो नियम आहे, आणि हा फार मोठा गुण आहे. प्रयोगशाळेतला आकडा खाणीत टेपने मोजता येत नाही.

पण ज्या क्षणी तुम्ही जाड थरात जाऊन खालचा किंवा वरचा कोळसा काढून गॅलरी उंच करता, त्या क्षणी तक्त्याच्या पायाखालची जमीन सरकते. तक्त्यातला आकडा मात्र तोच राहतो.

आता सूत्र लावू

तक्त्याची ही उणीव भरून काढायला सूत्रं आली. धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन केंद्राने, जे आता सिंफर म्हणून ओळखलं जातं, भारतातल्या टिकलेल्या आणि कोसळलेल्या पिलरांच्या नोंदींवरून एक सूत्र दिलं. शेओरी यांच्या नावाने ते ओळखलं जातं. मराठीत लिहायचं तर असं:

पिलरची ताकद = ०.२७ × घनाची ताकद × (उंचीचा −०.३६ वा घात) + (खोली ÷ २५० + १) × (रुंदी ÷ उंची − १)

ताकद मेगापास्कलमध्ये, अंतरं मीटरमध्ये. "घनाची ताकद" म्हणजे कोळशाचा २.५ सेंटिमीटरचा घन दाबून फोडायला लागणारा दाब.

आता माझ्या त्या स्लाइडवरचाच पिलर घेऊ. खोली १५० मीटर. मध्य ते मध्य २२.५ मीटर, गॅलरी ४.२, म्हणजे पिलर १८.३ मीटर रुंद. घनाची ताकद उदाहरणापुरती ३० मेगापास्कल धरू. पिलरवरचा भार काढायचा तर दर मीटर खडकाचे ०.०२५ मेगापास्कल, गुणिले १५०, म्हणजे ३.७५. गॅलरीवरचं वजनही पिलरलाच घ्यावं लागतं, म्हणून २२.५ आणि १८.३ च्या गुणोत्तराचा वर्ग, १.५१ ने गुणायचं. भार आला ५.६७ मेगापास्कल. तो सगळीकडे तोच ठेवू. बदलू फक्त उंची.

उंची ३ मीटर: ताकद १३.६, सुरक्षा गुणांक २.४.
उंची ६ मीटर: ताकद ७.५, सुरक्षा गुणांक १.३.
उंची ९ मीटर: ताकद ५.३, सुरक्षा गुणांक ०.९४.

गुणांक २ च्या वर असेल तर पिलर दीर्घकाळ टिकेल असं धरायची आपल्याकडे प्रथा आहे. दीडच्या आसपास असेल तर काही वर्षं. १ च्या खाली म्हणजे भार ताकदीपेक्षा जास्त. तिन्ही ओळींत तक्त्यातला खाना एकच आहे, वरून पाहिलेला नकाशाही एकच. खाणीचा प्लॅन टेबलावर पसरलात तर या तीन खाणी तुम्हाला वेगळ्या ओळखता येणार नाहीत.

इथपर्यंत बहुतेक विद्यार्थी येतात. एक्सेलमध्ये आलेख काढतात, "उंची वाढली की ताकद घटते" असा निष्कर्ष लिहितात, आणि थांबतात. माझा आक्षेप यापुढे आहे.

तीन अधिक तीन अधिक तीन

समजा थर ९ मीटर जाड आहे. नियम पाळून आपण तो एकदम काढत नाही. वरचा ३ मीटरचा सेक्शन काढतो, मधे ३ मीटर कोळसा पार्टिंग म्हणून सोडतो, खालचा ३ मीटरचा सेक्शन काढतो. १९५७ च्या विनियमांत नेमकं हेच अपेक्षित होतं. एका थरात एकाहून जास्त सेक्शन काढायचे असतील, किंवा दोन थर ९ मीटरच्या आत असतील, तर पूर्वपरवानगी घ्या. वरचे आणि खालचे पिलर शक्यतो एकावर एक ठेवा. आणि मधलं पार्टिंग कुठेही ३ मीटरपेक्षा कमी नको.

आता वरचा पिलर स्वतंत्र मोजला तर उंची ३ मीटर, गुणांक २.४. खालचाही स्वतंत्र मोजला तर तितकाच, कारण पाच-सहा मीटरच्या खोलीने फारसा फरक पडत नाही. दोन्ही "स्थिर". हिरवी अक्षरं.

पण मधलं पार्टिंग कमकुवत असेल तर? त्यात भेगा असतील, पाणी मुरून ते मऊ झालं असेल, गॅलरीच्या वरून सोलून निघालं असेल, तर खडकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे पिलर राहत नाहीत. वरचा, मधला आणि खालचा मिळून एकच उंच पिलर होतो. उंची ३ + ३ + ३ = ९. गुणांक ०.९४.

म्हणजे तीच खाण, तेच पिलर, तीच खोली, तेच सूत्र, उत्तर २.४ किंवा ०.९४. कुठलं उत्तर येणार हे सूत्र ठरवत नाही. ते ठरतं पार्टिंगबद्दल आपण मनात काय धरलंय त्यावर, आणि ते गृहीतक बहुतेक वेळा प्रबंधात लिहिलेलंच नसतं. प्रत्यक्षात सत्य दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल. नेमकं कुठे, हाच तर संशोधनाचा विषय आहे! तो बाजूला ठेवून दुसऱ्या दशांशापर्यंत गुणांक काढण्यात काय अर्थ आहे?

नियमातली ३ मीटरची अटही पार्टिंगच्या जाडीबद्दल बोलते, जातीबद्दल नाही. ३ मीटर घट्ट वालुकाश्म आणि ३ मीटर भिजलेला शेल, नियमाच्या नजरेत सारखेच.

पिलर एकावर एक नसतील तर आणखी वाईट. वरचा १८.३ मीटरचा पिलर नेमका खालच्या ४.२ मीटरच्या गॅलरीच्या डोक्यावर आला, तर मांजर्लीतल्या त्या टॉवरचा कॉलम बीम न देता सरकवल्यासारखं झालं. कागदावर आपण एकावर एक काढतो. पण वरचा थर जुन्या काळी काढलेला असेल, तेव्हाचा सर्व्हे आणि आजचा सर्व्हे यांत मीटर-दोन मीटरचा फरक असेल, तर जमिनीखाली काय झालंय हे आपल्याला कळत नाही.

सूत्राला मर्यादा असतात, आणि त्या रक्ताने लिहिलेल्या असतात

पिलरच्या सूत्रांचा इतिहास बघितला की हे आणखी टोचतं. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक इथली खाण कोसळली. चारशेहून अधिक कामगार आत गेले, त्यांचे मृतदेहही बाहेर काढता आले नाहीत. तिथला थर जाड होता, आणि छताकडचा कोळसा नंतर काढून गॅलऱ्यांची उंची वाढवत नेली होती. प्लॅनवर पिलर तेच दिसत होते, प्रत्यक्षात मात्र ते वर्षागणिक उंच होत गेले. त्याआधी डिसेंबर १९५९ च्या अखेरीस खाणीचा एक भाग कोसळलाही होता. तरी काम चालू राहिलं.

या दुर्घटनेनंतर सॅलमन आणि मन्रो यांनी १९६७ मध्ये त्यांचं प्रसिद्ध सूत्र मांडलं. त्यामागे १२५ प्रकरणं होती: ९८ टिकलेली, २७ कोसळलेली. जगभर वापरलं जाणारं सूत्र, आणि मुळाशी १२५ नोंदी. त्यात मला काही कमीपणा दिसत नाही, उलट त्यांनी प्रत्येक नोंद दाखवली हे मोठंच काम आहे. पण त्या नोंदींतल्या पिलरांची उंची साधारण साडेपाच मीटरच्या आतलीच होती. आता आपल्या १५ मीटरच्या थराला ते सूत्र लावायचं म्हणजे काय? दहावीच्या मुलांच्या उंचीवरून काढलेल्या सूत्राने जिराफाची उंची काढण्यासारखं. कॅल्क्युलेटर तक्रार करत नाही म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही.

तरीही असे पेपर निघतात. सूत्र सांगितलेलं असतं, पण सूत्र कुठल्या उंचीपर्यंत तपासलंय हे एका ओळीतही नसतं. यावर माझी टीका थेट आहे: ही ओळ नसेल तर पेपर अपूर्ण आहे, मग तो कितीही चांगल्या जर्नलमध्ये असो.

लगतच्या थरांसाठी नोंदी गोळा करायचं काम अमेरिकेत नायॉश या संस्थेने केलं. त्यांनी तीनशेहून जास्त प्रकरणं जमवली आणि संख्याशास्त्राने तपासली. त्यातून लक्षात राहण्यासारखी गोष्ट अशी की वरच्या किंवा खालच्या गोफमध्ये एकटे पडलेले, अर्धवट सुटलेले पिलर फार त्रासदायक ठरतात. आजूबाजूचा कोळसा गेलेला असतो, सगळा भार त्या एका तुकड्यावर गोळा होतो, आणि तो तुकडा तो भार दुसऱ्या थरातल्या कामांवर उतरवतो. डिपिलरिंग करताना "हा एक पिलर राहू दे, अडचणीचा आहे" असं म्हणणाऱ्याला त्या क्षणी हे दिसत नाही. वीस वर्षांनी खालच्या थरात काम करणाऱ्याला ते दिसतं.

वर काय आहे हे माहीत नसण्याचा दुसरा धोका पाण्याचा. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतलं पाणी खाली घुसलं आणि ३७५ कामगार गेले. तिथे कुणाचाही सुरक्षा गुणांक उपयोगी नव्हता.

मॉडेलची रंगीत चित्रं

"पण दादा, आता सूत्रं कोण वापरतं? आम्ही फ्लॅक थ्री-डी मध्ये मॉडेल करतो," असं मला दोन-तीन जणांनी सांगितलंय. मीही करतो. मॉडेलचा मोठा फायदा खरा आहे. दोन्ही थर, पार्टिंग आणि कामाचा क्रम एकत्र बघता येतो. आधी वरचा थर काढला आणि मग खालचा, की उलट, याने ताण कसा बदलतो हे सूत्रात येत नाही, मॉडेलमध्ये येतं.

पण पार्टिंगच्या सांध्यांचा घर्षणकोन, भेगांचा कडकपणा, पाण्याने झालेली घट, हे आकडे मॉडेललाही कुणीतरी द्यावेच लागतात. अनेक पेपरांत हे आकडे एका तक्त्यात शांतपणे बसलेले असतात आणि "साहित्यावरून घेतले" इतकंच म्हटलेलं असतं. कुठल्या साहित्यावरून? दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या खडकाच्या. मग लाल-निळं चित्र येतं, आणि लाल भाग कमी असेल तर डिझाइन सुरक्षित. हे माझ्या हिरव्या अक्षरांचंच महागडं रूप आहे. आकडा जिथून येतो ती जागा फक्त एक पायरी आत गेली.

याला उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे: मोजमाप. गॅलरीचं छत आणि फ्लोअर किती जवळ येतायत, पार्टिंगच्या आत थर एकमेकांपासून सुटतायत का, पिलरमधला ताण किती वाढतोय, हे महिनोन्महिने मोजणं. ज्या पेपरमध्ये मॉडेलचा अंदाज आणि खाणीतलं मोजमाप एकाच आलेखावर आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत तिथे लेखकाने का जुळत नाहीत हे लिहिलंय, तो पेपर मी जपून ठेवतो.

एवढं डोकं का लावायचं?

कारण या गणिताचा परिणाम खाणीच्या आत थांबत नाही. आपल्याच उदाहरणात, डेव्हलपमेंटमध्ये गॅलऱ्यांतून सुमारे ३४ टक्के कोळसा निघतो. पण ९ मीटरच्या थरात ३ मीटरचाच एक सेक्शन काढला तर पूर्ण थराच्या हिशेबाने ते ११ टक्के झाले. दोन सेक्शन काढले तर २३. बाकीचं डिपिलरिंगवर अवलंबून, आणि जाड थरात तेच सगळ्यात अवघड. जो कोळसा तुटून गोफमध्ये राहतो तो हवा लागून आपोआप तापतो आणि आग लागू शकते.

या हिशेबापुढे उघडी खाण फार सोपी दिसते. वरची माती-खडक उचला, जवळजवळ सगळा थर घ्या. वेस्टर्न कोलफील्ड्सचा बहुतांश कोळसा आज उघड्या खाणींतूनच येतो. तिची किंमत शेतं, गावं आणि चंद्रपूरच्या आसपास उभे राहिलेले ओबीचे डोंगर यांत मोजावी लागते. भूमिगत खाण हा त्याला पर्याय म्हणून पुढे यायचा असेल, तर जाड थरातून सुरक्षितपणे जास्त कोळसा कसा काढायचा याचं उत्तर आपल्याकडे हवं. "पिलर मोठे ठेवा" हे उत्तर नाही. त्याने खाण टिकते, पण परवडत नाही. "उंची वाढवा" हेही नाही. त्याने कोलब्रुक होतं.

आणि चुकीची किंमत कोण देतं हेही बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची कामं होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खालचे पिलर ज्यांनी काढले किंवा सोडले, त्यांच्यातलं कुणी त्या वॉर्डात राहत नव्हतं. पिलरचं डिझाइन करताना "दीर्घकाळ स्थिर" हे शब्द आपण सहज लिहितो. दीर्घकाळ म्हणजे किती, हे त्या कुटुंबांना विचारायला हवं.

मग पेपर वाचताना काय विचारायचं?

मी आता प्रत्येक पेपर वाचताना वहीत पाच प्रश्न लिहितो. तुमच्या विषयात शब्द बदला, प्रश्न चालतील.

१. सूत्र किंवा मॉडेल कुठल्या नोंदींवर तपासलंय, आणि माझं प्रकरण त्या नोंदींच्या आत बसतं का?

२. उंची म्हणजे नेमकी कुठली उंची? गॅलरीची, सेक्शनची, की पार्टिंगसकट सगळ्याची?

३. पार्टिंगचं फक्त जाडीचं माप दिलंय की खडकाची जात, भेगा आणि पाणीही?

४. वर आणि खाली काय आहे, कधी काढलंय, आणि जुन्या नकाशावर किती विश्वास ठेवलाय?

५. अंदाज चुकला असता तर लेखकाला ते कळलं असतं का? म्हणजे त्याने काही मोजलंय का?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. बहुतेक पेपर, माझा पहिला धरून, तिथे नापास होतात.

ती जुनी स्लाइड मी टाकून दिलेली नाही. तिच्यात आता दोन ओळी आहेत. एकीत पार्टिंग घट्ट धरलंय आणि गुणांक २.४ आहे, दुसरीत पार्टिंग गेलं असं धरलंय आणि गुणांक ०.९४. खाली "स्थिर" लिहिलेलं नाही, तिथे पार्टिंगच्या कुठल्या चाचण्या अजून करायच्या आहेत त्यांची यादी आहे. मागच्या प्रेझेंटेशनला गाइडनी ती बघितली आणि पुढच्या स्लाइडवर जा म्हणाले. आमच्या लॅबमध्ये याला कौतुक समजतात.

तुमच्या विषयातलं असं एखादं सूत्र असेल, जे सगळे लावतात पण कुठपर्यंत लावायचं हे कुणी सांगत नाही, तर नक्की कळवा. पुढच्या पोस्टमध्ये डिपिलरिंगचा क्रम घेऊ: आधी वरचा थर की खालचा, आणि का.